तगाई की भरपाई?

आग्रही : 14 मार्च 2019 च्या रात्री इडाई चक्रीवादळ मोझांबिकच्या किनाऱ्यावर, बैरा बंदरापाशी येऊन थडकलं. पत्रे उडाले, घरं पडली, ते त्या रात्रीचं. खरा घात पुढच्या चार-पाच दिवसांत झाला. पुंग्वे आणि बुझी या नद्या पात्र सोडून पसरल्या, आणि जिथं मक्याची शेतं होती तिथं नजर पोचेल तिथवर पाणी झालं. माणसं झाडांवर आणि छपरांवर बसून राहिली. एकट्या मोझांबिकमध्ये सहाशेवर लोक गेले. सात लाख हेक्टरांहून जास्त पीक बुडालं, आणि तेही काढणीच्या तोंडावर, कारण तिथला पावसाळा मार्चअखेर सरतो आणि एप्रिलपासून मका घरात येऊ लागतो. त्याच एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं त्या देशाला जवळजवळ 12 कोटी डॉलर दिले. बिनव्याजी दिले, हे खरं. पण दिले ते कर्ज म्हणून. आपल्याकडे याला शब्द आहे, तगाई. दुष्काळात बियाण्याला, बैलांना सरकार जे कर्ज देई आणि पुढं जमिनीच्या उताऱ्यावर ज्याचा बोजा चढे, ती तगाई. ज्यानं आग लावली नाही त्याला ती विझवायचं पाणी उसनं का घ्यावं लागावं? कोळसा-तेल जाळून मोझांबिकचा माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या चाळीस-पन्नास पट अमेरिकेतला माणूस सोडतो. कारखाने सुरू झाल्यापासून आजवर असा जेवढा वायू हवेत गेला, त्यातला सुमारे पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आणि जवळपास तेवढाच युरोपीय संघ आणि ब्रिटन यांचा मिळून. अख्ख्या आफ्रिका खंडाचा 3 टक्क्यांच्या आसपास. हिशेब इतका उघड असताना तगाई कसली? भरपाई द्या, एवढं श्रीमंत देशांना ठणकावून सांगितलं पाहिजे.

साशंक : यातला एकही आकडा मला खोडायचा नाही. माझी शंका ठणकावून सांगण्याबद्दल आहे. ज्यांना सांगायचं त्यांनी हे सगळं ऐकलेलं आहे, आणि बरंचसं मान्यही केलेलं आहे. 1991 मध्ये, हवामान कराराचा मसुदा अजून लिहिला जात होता तेव्हा, वानुआतूनं छोट्या बेटांच्या वतीनं मांडलं होतं की समुद्र चढून ज्यांची जमीन जाईल त्यांच्यासाठी श्रीमंतांच्या वर्गणीतून विमा उभा करा. तो विमा झाला नाही. 1992 ला रिओमध्ये सगळ्यांनी कबूल केलं की जबाबदारी सामायिक आहे, पण प्रत्येकाची सारखी नाही. 2009 ला कोपनहेगनमध्ये ठरलं की 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा पहिल्यांदा 2022 मध्ये गाठला गेला, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग पुन्हा कर्जाचाच होता, म्हणजे तुमची तगाई. त्याच 2022 मध्ये पाकिस्तानात 3 कोटी 30 लाख लोकांना पुरानं घेरलं, आणि शर्म अल शेखच्या परिषदेत 'हानी आणि नुकसान' निधी एकदाचा मंजूर झाला. पुढच्या वर्षी दुबईत पहिल्याच दिवशी तो सुरू झाल्याचं जाहीर झालं. परिषद संपली तेव्हा कबूल झालेली रक्कम होती 70 कोटी डॉलरच्या घरात, अमेरिकेचे त्यात पावणेदोन कोटी. इडाई आणि पाठोपाठ आलेलं केनेथ या दोन वादळांनंतर मोझांबिकच्या उभारणीला लागणाऱ्या खर्चाचा अंदाजच मुळी 320 कोटींचा होता. साऱ्या जगासाठीचा निधी एका देशातल्या या दोन वादळांच्या पाव खर्चालाही पुरत नव्हता. आणि 2025 च्या मार्चमध्ये अमेरिका त्या निधीच्या संचालक मंडळातून उठूनच गेली. म्हणजे पाहा, हा अर्ज कधी नामंजूर होत नाही. तो दर खेपेला मंजूर होतो आणि पैसे येत नाहीत. असं जिथं पस्तीस वर्षं चाललंय, तिथं आणखी एक अर्ज लिहून बैराच्या माणसाच्या हाती काय पडणार?

आग्रही : तुम्ही 'अर्ज' म्हणालात, आणि माझं भांडण नेमकं त्या शब्दाशी आहे. अर्ज करणारा खाली उभा असतो. दावा करणारा समोर उभा असतो. आपल्याकडे अतिवृष्टीनंतर सरकार जे पैसे देतं त्याच्या आदेशात कितीदा तरी 'सानुग्रह अनुदान' असं लिहिलेलं असतं. अनुग्रहानं दिलेलं. देणाऱ्याची मर्जी झाली म्हणून दिलेलं, आणि म्हणून उद्या नाही दिलं तरी विचारता येणार नाही असं. श्रीमंत देशांना रकमेपेक्षा या शब्दाची काळजी जास्त आहे. 2015 च्या पॅरिस करारात हानी आणि नुकसान यांवर एक स्वतंत्र कलम आलं. गरीब देशांनी ते झगडून मिळवलं. पण त्याच रात्री स्वीकारलेल्या निर्णयात एक वाक्य घातलं गेलं की या कलमातून कुणाचंही दायित्व किंवा भरपाईचा हक्क निघणार नाही. पैसे द्यायला एक वेळ तयार, पण देणं लागतो असं म्हणायला तयार नाहीत! का? कारण देणं मान्य केलं की हिशेब विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे जातो. म्हणून मला शब्द गौण वाटत नाहीत. 2019 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारूच, देशांवर याचं कायदेशीर बंधन आहे की नाही. वानुआतूनं तो प्रश्न उचलला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2023 मध्ये तो न्यायालयाकडे पाठवला, आणि 23 जुलै 2025 ला हेगमध्ये न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की बंधन आहे, आणि ते मोडलं तर भरपाईही देणं लागू शकतं. ते मत सल्ल्यादाखल आहे, त्यानं जप्ती येत नाही, हे मला कळतं. पण 1991 च्या वानुआतूच्या हातात जे नव्हतं ते आज आहे.

साशंक : त्याच मतात पुढं काय म्हटलंय तेही घ्या. भरपाई मागायची तर केलेली चूक आणि झालेलं नुकसान यांच्यात पुरेसा थेट आणि निश्चित संबंध दाखवावा लागेल, आणि तो प्रत्येक प्रकरणात वेगळा दाखवावा लागेल. आता इडाईचंच प्रकरण न्यायालयात न्या. त्या वादळानं घर सोडावं लागलेल्या लोकांपैकी किती जणांना ते तापमानवाढीमुळं सोडावं लागलं, याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. समुद्राची वाढलेली पातळी आणि वादळाचा वाढलेला जोर एवढं धरून उत्तर आलं, 12,600 ते 14,900 माणसं. एकूण विस्थापितांच्या सुमारे 3 टक्के. उरलेल्या 97 टक्क्यांना तुमची भरपाई काय सांगणार? की तुमचं घर निसर्गानं नेलं, तेव्हा तुम्ही रांगेतून बाहेर व्हा? आणि भरपाईच्या भाषेचा दुसरा धोका असा की ती सगळ्या नजरा समुद्रापार वळवते. 2013-14 मध्ये मोझांबिकच्या सत्ताधाऱ्यांनी आपल्या संसदेला न सांगता जवळपास 2 अब्ज डॉलरची कर्जं उचलली. कागदावर ती मासेमारी आणि किनारारक्षणासाठी होती, त्यातले कोट्यवधी लाचेत गेले. 2016 मध्ये ते उघडकीला आलं, मदत देणाऱ्यांनी हात आखडले, आणि देशानं हप्ते बुडवले. इडाई आलं तेव्हा तिजोरी आधीच रिकामी होती. ती कर्जं उचलली तेव्हाच्या अर्थमंत्र्यांना, मॅन्युएल चांग यांना, 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. झाडावर बसलेल्या माणसाचं पाणी वाढलं त्यात बर्लिन-वॉशिंग्टनचा वाटा आहे, मान्य. पण त्याला उतरवायला होडी नव्हती, त्यात राजधानी मापुतोचा वाटा नाही?

आग्रही : आहे. आणि तो मी लपवणार नाही. पण त्या कर्जांची गोष्ट अर्धी सांगू नका. कर्ज घेणारे मापुतोत होते, तर देणारे कुठं होते? क्रेडिट स्वीस ही झुरिकची बँक आणि एक रशियन बँक. बोटी बांधल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या गोदीत. क्रेडिट स्वीसला 2021 मध्ये जवळपास साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर दंड भरावा लागला आणि मोझांबिकचं 20 कोटींचं कर्ज सोडावं लागलं. लाच घेणारा आणि देणारा असे दोन हात लागतात, आणि 'तुमचे राज्यकर्ते भ्रष्ट आहेत, पैसे कसे द्यायचे' असं विचारताना त्यातला एकच हात दाखवला जातो. शिवाय बैराचाच दाखला घ्या. तिथं नगरपालिका विरोधी पक्षाकडे होती. महापौर डॅव्हिझ सिमांगो यांनी शहरातून वाहणाऱ्या चिवेव्हे नदीची सफाई आणि नाल्यांचं काम वादळाच्या आधीच मार्गी लावलं होतं, जर्मनीच्या आणि जागतिक बँकेच्या पैशातून. ज्या वस्त्यांत ते नाले झाले होते तिथं पाणी तुंबलं नाही, लवकर निघून गेलं. सगळं शहर मोडून पडलं असताना जे टिकलं ते हे, जमिनीखालचं, कुणाच्या फोटोत न येणारं काम. तेव्हा बाहेरचा पैसा तिथं कामाला येतो की नाही, याचं उत्तर त्या नाल्यांत आहे.

आता तुमच्या 3 टक्क्यांचं. आकडा खरा असेल, पण आपण तो वापरतो कशाला? आपल्याकडे गारपीट झाली की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर जातात आणि पंचनामा करतात. पंचनाम्यात काय लिहितात? गट नंबर, पीक, किती टक्के गेलं. गारा कुणी पाडल्या हा रकाना तिथं नसतो. नुकसान मोजायचं, आणि कारणाचा वाद दुसरीकडे ठेवायचा, ही अक्कल आपल्या गावपातळीच्या कारभाराला शंभर वर्षांपासून आहे. हेगला ती शिकवायला हवी.

साशंक : तुम्ही आता हातचं सोडलंत, लक्षात आलं का? पंचनाम्यानं पैसे मिळतात ते सानुग्रह म्हणून. कारण विचारायचं नसेल तर दोषही ठरत नाही, आणि दोष ठरत नसेल तर ती भरपाई राहत नाही. मघाशी तुम्ही दावा मागत होतात, आता अनुदान मागताय. दोन्ही एकदम कसं मिळेल? हक्क तर हवा पण पुरावा नको, असं जगात कुठं चालतं ते दाखवा, मग मी माझी शंका मागं घेतो.

आग्रही : महाराष्ट्रात चाललं. 1972 चा दुष्काळ आठवा. लाखो माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर होती. मोर्चे निघत होते, घेराव होत होते. त्यातून पुढं वि. स. पागे यांच्या, मागेल त्याला काम देण्याच्या, कल्पनेला राज्यभर रूप आलं आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. गावातल्या प्रौढ माणसानं काम मागितलं की ठरलेल्या मुदतीत सरकारनं ते द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. दुष्काळ कुणामुळं पडला, हे त्यानं सिद्ध करायचं नाही. कलेक्टरच्या मर्जीवरही ते नाही. आणि पैसा कुठून आला? 1975 मध्ये शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, तो. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा सांगोल्याच्या किंवा बीडच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात पडावा, अशी ती रचना. त्या कारकुनानं दुष्काळ पाडला नव्हता. त्याच्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं, आणि दोघं एका पावसाच्या, एका बाजाराच्या जगात राहत होते, एवढ्यावर तो कर उभा होता. कायद्यात शब्द होता 'हमी'. तगाईत परतफेड आली, अनुदानात मर्जी, भरपाईत पुरावा. हमीत यातलं काही नाही. तुमच्या प्रश्नानं मला इथं आणून सोडलं, आणि खरं सांगायचं तर भरपाईपेक्षा मला आता हाच शब्द जवळचा वाटू लागला आहे.

साशंक : शब्द चांगला आहे. मलाही तो कायदा आपल्या राज्याच्या हातून झालेल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटतो, त्यातल्या खोट्या हजेरीपटांसकट. पण तो झाला कसा, ते तुम्ही घाईत सांगून पुढं गेलात. मोर्चा नेणाऱ्या बाईकडे मत होतं. तिचा आमदार आणि त्या कारकुनाचा आमदार एकाच विधानसभेत बसत होते. तिनं घेराव घातला तो तहसीलदार तिच्या भाषेत उत्तर द्यायला बांधलेला होता. बैराच्या माणसाला बर्लिनमध्ये मत नाही, वॉशिंग्टनमध्ये त्याचा आमदार नाही. हमी देणारा मोडला तर तो कुणाला घेराव घालणार? आणि हे कोरं तर्कट नाही, प्रत्यक्षात करून बघितलेलं आहे. समुद्रावरच्या जहाजांनी सोडलेल्या वायूवर आकार बसवायचा, त्यातून निधी उभा करायचा, असा आराखडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत 2025 च्या एप्रिलमध्ये बहुमतानं मान्य झाला. तुमच्या व्यवसाय कराचा सख्खा भाऊच तो. ऑक्टोबरमध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं. अमेरिकेनं उघड दबाव आणला, सौदी अरेबियानं साथ दिली, आणि निर्णय वर्षभर पुढं ढकलला गेला. हमीला कर लागतो, कराला सरकार लागतं, आणि जगाला सरकार नाही. बाकूच्या हवामान परिषदेत 2024 ला 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचं जे आश्वासन निघालं, त्याला आपल्या प्रतिनिधींनी तिथंच उभं राहून हरकत घेतली. हरकत रास्त होती. पण मंजुरीचा हातोडा आधीच पडला होता.

आग्रही : 1972 च्या बाईकडेही सुरुवातीला फक्त मोर्चाच होता. मत तिच्याकडे वीस वर्षं होतं, कायदा मोर्चानंतर झाला. पण तुमची हरकत मी टाळत नाही. मत नसलेल्यांची बाजू मत असलेल्यांनी लावून धरावी लागते. जर्मनीतला मतदार, फ्रान्समधला मतदार, त्यांनीच आपल्या सरकारला विचारावं लागेल. म्हणूनच मी श्रीमंत देशांना आग्रह म्हणतो तेव्हा मला त्यांची सरकारं जितकी दिसतात तितकीच तिथली माणसं दिसतात. फ्रान्सनं 2006 मध्ये विमानाच्या प्रत्येक तिकिटावर थोडा कर बसवला आणि तो पैसा गरीब देशांतल्या एड्स, क्षय, मलेरियाच्या औषधांकडे वळवला. त्यासाठी जगाचं सरकार लागलं नाही. आणि एक युक्तिवाद मी मुद्दाम करत नाही, तो करू नये असं मला वाटतं. 'पैसे द्या, नाही तर हे लोक तुमच्या दारात येतील' असं युरोपाला सांगणारे पुष्कळ आहेत. त्यानं कदाचित पैसे सुटतीलही. पण ज्याच्यासाठी मागायचं त्यालाच भीतीचं बुजगावणं करून मागायचं, हे मला पटत नाही. इडाईनं घर नेलेला माणूस युरोपात गेला नाही. तो चार-दोन कोसांवरच्या उंच माळावर सरकारनं आखून दिलेल्या जागेत गेला, आणि पेरायला पुन्हा नदीकाठी येतो.

साशंक : मतदारांवर आलात तर मग आपल्याकडेही या. इतका वेळ आपण दोघं असं बोलतोय जणू एका टोकाला श्रीमंत देश आहेत, दुसऱ्या टोकाला बैरा, आणि आपण मध्ये तराजू धरून बसलोय. तसं नाही. 1752 पर्यंत मोझांबिकच्या किनाऱ्याचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालत होता, इतकी जुनी ही ओळख. ते राहू द्या, आजचं बोलू. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, आणि पुढच्या वर्षी भारतानं मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला. झांबेझिया प्रांतातला छोटा शेतकरी मक्याच्या रानात तूर लावतो, ती आपल्या वरणात येते. 2023 मध्ये फ्रेडी वादळ मोझांबिकवर दोनदा आलं, दुसऱ्या वेळी थेट त्याच झांबेझियावर. आपण बातमी वाचली का? बाजारात भाव वाढला तेव्हा कदाचित चौकशी केली असेल. आणि याहून जवळची गोष्ट. देशाच्या उत्तर टोकाला, काबो देल्गादोच्या समुद्राखाली, नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले आहेत. त्यातल्या एका मोठ्या प्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून 30 टक्के हिस्सा आहे. ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि आपल्या मुंबईची भारत पेट्रोलियम. मार्च 2019 मध्ये इडाई आलं. एप्रिलमध्ये केनेथ हे दुसरं वादळ त्याच काबो देल्गादोवर आलं. आणि जूनमध्ये त्या वायूप्रकल्पात 20 अब्ज डॉलर गुंतवायचा अंतिम निर्णय झाला. बैराला वादळानंतर सगळ्यात आधी पोचलेल्यांत भारतीय नौदलाची जहाजं होती, त्यांनी माणसं वाचवली, याचा मला अभिमान आहे. पण वाचवणारे हात आणि वायूत भागीदार असलेले हात एकाच देशाचे आहेत. आज वर्षाला कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांत आपला क्रमांक तिसरा आहे. 1992 च्या करारातली देणाऱ्या श्रीमंत देशांची यादी दाखवून आपण अजून किती दिवस फक्त मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणार? दुबईत अमिरातीनं, त्या यादीत नसताना, 10 कोटी डॉलर दिले.

आग्रही : 1992 ची यादी जुनी झाली, हे खरंच. कतार, सिंगापूर त्यात नाहीत आणि आज ते युरोपातल्या किती तरी देशांपेक्षा श्रीमंत आहेत. पण आपली गोष्ट त्यांच्यासारखी नाही. माणशी धरलं तर भारतीय वर्षाला दोन टनांच्या आसपास सोडतो, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. मागच्या दीडशे वर्षांचं धरलं तर आपला वाटा 3-4 टक्के. बीडच्या ऊसतोड्याला देणेकऱ्यांत बसवायचं आणि त्याच्या नावावर टेक्सासच्या माणसाला सूट द्यायची, असं होऊ देणार नाही मी.

साशंक : ऊसतोड्याबद्दल मी बोललोच नाही. मी भारत पेट्रोलियमबद्दल बोललो, आणि तुमच्या-माझ्याबद्दल.

आग्रही : हो. तिथं माझ्याकडे तयार उत्तर नाही. आणि त्या वायूचं तर मला अधिकच कोडं पडतं. मोझांबिकला सांगावं का की तो वायू जमिनीतच ठेवा? ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून शाळा आणि दवाखाने बांधले त्यांनी हे सांगावं? पण तो विकला तर पुढच्या इडाईला तेवढं इंधन आपणच पुरवलं. मला एवढं सुचतं की त्या वायूच्या प्रत्येक टनावर आकार लावावा, आपल्या 30 टक्क्यांवर आधी, आणि तो पैसा बैरासारख्या शहरांच्या नाल्यांना, झांबेझियातल्या पिकांच्या हमीला जावा. इथून सुरुवात केली तर युरोपाला सांगताना आपला आवाज थरथरणार नाही.

साशंक : म्हणजे हमीचा पैसा वायू जळण्यावर अवलंबून. जितका जास्त जळेल तितके नाले जास्त. आणि ज्या दिवशी जग शहाणं होऊन वायू घेणं थांबवेल, त्या दिवशी हमीही आटेल, तेव्हा समुद्र मात्र पूर्वीच्या वायूनं चढतच असेल. दारूवरच्या करातून दारूबंदीचा खर्च चालवण्यातली अडचण आपल्या राज्यानं पाहिलेली आहे.

आग्रही : म्हणून आकार पुढच्या टनांवर न लावता मागच्या टनांवर लावावा लागेल. जे जळून गेलं ते कमी होणार नाही, त्याची नोंद आहे, देशवार आहे. तिथं पुन्हा मूळ मुद्द्यावर आलो पाहा, श्रीमंत देशांवर.

साशंक : देशवार आहे, माणूसवार नाही. तिथंच सगळं अडतं. देणारा देश, घेणारा देश. देणाऱ्या देशात कोळशाच्या खाणीत खोकून मेलेला मजूरही आला आणि घेणाऱ्या देशात चांगही आले. तुम्ही आपलं बिल काढायला बसलात तर कसं काढाल?

आग्रही : बसलो आहे, निघत नाही. देश म्हणून धरलं तर बरंच निघतं. माणशी धरलं तर काहीच निघत नाही, उलट येणं दिसतं. आणि माझ्यासारख्याचं, वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याचं, विमानानं दिल्लीला जाऊन-येऊन करणाऱ्याचं वेगळं काढलं तर ते युरोपातल्या माणसाच्या जवळ जातं. देशाच्या सरासरीत मी बीडच्या माणसाच्या आड उभा असतो.

साशंक : आणि झांबेझियात तूर लावणाऱ्याचं?

आग्रही : त्याचं कसंही धरा. देश धरा, माणूस धरा, मागचं धरा, पुढचं धरा. त्याच्याकडे काही निघत नाही. नाणेनिधीच्या त्या 12 कोटींत मात्र त्याच्याही नावावर थोडं चढलेलं आहे.